चौदा नंबरची अदलाबदल

लाकांबिनी साबणाच्या बास्केटबॉल संघाचे कपडे आलिंग तासिंग, म्हणजे आमची तासिंगमावशी, बावीस वर्षं हाताने धूत होती. यंत्रात घातले की पाठीवरचे आकडे सोलवटतात, आणि साबण विकणाऱ्या कंपनीचे खेळाडू टीव्हीवर अर्धवट आकडे मिरवत पळाले तर गिऱ्हाईक काय म्हणेल, ही कंपनीची काळजी. म्हणून सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पासिगमधल्या आमच्या गल्लीत दोन भरलेल्या पिशव्या यायच्या, सोबत साबणाचा खोका. उरलेल्या वड्या तासिंग शेजारीपाजारी वाटून टाकायची. त्यामुळे गल्लीतली म्हातारी, पोरं, इतकंच काय पाद्रीबाबासुद्धा एकाच वासाचे होते.

सामने ती रेडिओवर ऐकायची, पण विश्वास ठेवायची तो कपड्यांवर. निवेदक म्हणाला की अमुक एकाने आज जिवाची बाजी लावली, तर ती दुसऱ्या दिवशी त्याची चड्डी उलटीसुलटी करून बघायची. कापडाला मैदानाचं पॉलिश कुठेच लागलेलं नसेल, तर टबाकडे बघून म्हणायची, "जीव घरीच ठेवून गेला होता वाटतं." कोण पडला, कोणाच्या नाकातून रक्त आलं, कोण पाठीला चोरून मलम चोळून खेळतोय, हे तिला प्रशिक्षकाच्या आधी कळायचं. हातात घेतल्यावर जर्सी जड लागली म्हणजे माणूस खेळला. इतका सोपा हिशेब.

त्या वर्षी ऑक्टोबरपासून चौदा नंबर कोरडा येऊ लागला.

चौदा नंबर म्हणजे फेर्मिन आबार्केझ. सामार बेटावरचा. अकरा वर्षांपूर्वी संघात आला तेव्हा कंपनीने कबूल केलेली खोली तयार नव्हती, म्हणून तीन महिने तासिंगच्या माडीवर राहिला. माडीचं छत बुटकं. तो घरभर वाकूनच हिंडायचा, आणि पाय पसरले की ते जिन्यावर यायचे. तेव्हापासून तो तिला नानाय, म्हणजे आई, म्हणू लागला. तिला स्वतःची चार मुलं, चौघंही परदेशी कामाला. हा पाचवा रविवारी दुपारी चिंचेच्या आंबट कालवणावर ताव मारायला न चुकता हजर. बास्केटखाली उभं राहून धक्के खायचं त्याचं काम, आणि ते त्याने अकरा वर्षं तक्रार न करता केलं होतं.

आता तो चौतीसचा झाला होता. संघाने दोन तरुण ताडमाड पोरं आणली आणि फेर्मिन बाकावर गेला. सात सामन्यांत प्रशिक्षकाने त्याला एक मिनिटही उतरवलं नाही. जर्सी घडीत गेली तशीच घडीत परत यायची. तासिंग ती तरीही धुवायची. भिजवायची, साबण लावायची, पिळून इतरांच्या ओळीत वाळत घालायची. माझी आई एकदा तिला म्हणाली, बाई, स्वच्छ कपडा कशाला धुतेस, कोणाला कळणार आहे? "त्याला कळेल," तासिंग म्हणाली.

नाताळात त्याचा करार संपणार होता. हंगामभर बाकावर बसलेला चौतीस वर्षांचा माणूस पुढच्या वर्षी कोणी घेणार नव्हतं, हे गल्लीतल्या न्हाव्यापासून सगळ्यांना माहीत होतं. फेर्मिनलाही. जेवता जेवता तो सहज बोलल्यासारखं म्हणाला की गावी जाईन, मेव्हण्याबरोबर खोबऱ्याचा धंदा बघीन. तासिंग म्हणाली, "बरं आहे, नारळ पाडायला तुला शिडी लागणार नाही." तो हसला, पण जरा उशिराने. त्या दिवशी तासिंगच्या लक्षात आलं की नाताळापर्यंत नऊच सामने उरलेत.

नदीपलीकडे अमिहान पंख्यांच्या संघाचे कपडे इलुमिनादा, म्हणजे लुमिंग, धुवायची. ती आणि तासिंग एकमेकींच्या कुमारे. लुमिंगने तासिंगच्या धाकट्या मुलीला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं, आणि असं नातं सख्ख्या बहिणीपेक्षा घट्ट, कारण ते आपण होऊन जोडलेलं असतं. दर बुधवारी दोघी बाक्लारानच्या देवळात प्रार्थनेला जायच्या आणि नंतर बाहेरच्या कट्ट्यावर बसून गरम बिबिंका, तांदळाचा केक, खायच्या. सुनांपासून सांधेदुखीपर्यंत सगळं बोलायच्या, फक्त संघांबद्दल नाही. तो नियम त्यांनी स्वतःच घातला होता. दोघींची पोटं त्या पिशव्यांवर होती.

त्या बुधवारी तासिंगने बिबिंका अर्धा खाल्ला आणि नियम मोडला. म्हणाली, माझा चौदा सात सामने कोरडा आहे.

लुमिंगने आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाली, "माझा नऊ पण."

नऊ नंबर म्हणजे ओनी काताकुतान. लांबून बास्केट करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याचा गुडघा गेलाय असं पेपरात आलं होतं. लुमिंगने सांगितलं की गुडघा कसला जातोय, सरावाचा शर्ट पिळला तर अर्धी बादली भरते. त्याचं प्रशिक्षकाशी वाजलंय, एवढंच. आणि दुसरं म्हणजे तिच्या तेवीस नंबरच्या जर्सीची खांद्याची शिवण तिने त्या महिन्यात चारदा घातली होती. बिचारा बास्केटखाली एकटाच, सगळे त्यालाच ओढतात.

दोघींनी मनातल्या मनात हिशेब मांडला. लाकांबिनीकडे उंच माणसं तीन आणि शेवटच्या दोन मिनिटांत लांबून टाकणारा एकही नाही, म्हणून तर ते हातातले सामने घालवत होते. अमिहानकडे नेमकं उलटं.

"तुझा चौदा मला दे," शेजारणीकडे वाटीभर कालवण मागावं तसं लुमिंग म्हणाली. "माझा नऊ घे."

"आणि वाटी परत मागायची नाही," तासिंग म्हणाली.

दोघी इतक्या हसल्या की मेणबत्त्या विकणारी बाई वळून बघू लागली. हसू ओसरल्यावर तासिंगला कळलं की आपण हे गमतीत बोललो नाही.

आता सांगायचं कोणाला? संघाचे व्यवस्थापक सिबुलोसाहेब धुतलेल्या पिशव्या न्यायला स्वतः यायचे. ड्रायव्हरवर त्यांचा भरवसा नव्हता. एकेक जर्सी उजेडासमोर धरून डाग शोधायचे, न सापडल्यावर किंचित हिरमुसायचे. अशा माणसाला तोंडावर सल्ला देणं आमच्याकडे बसत नाही. आमच्याकडे लेकी बोले सुने लागे हाच शिरस्ता. सांगायचं असतं एकाला, बोलायचं दुसऱ्याशी, आणि पहिल्याने न ऐकल्याचं दाखवून सगळं ऐकायचं असतं. तासिंगने कोंबडीशी बोलायचं ठरवलं.

साहेब बारा नंबरची जर्सी उजेडात धरून उभे असताना ती कोंबडीला दाणे टाकत म्हणाली की बाई गं, काही घरांत जुन्या माणसाने बावळटासारखं किती दिवस कोपऱ्यात बसायचं? इतकी वर्षं राबलं, आता त्याची कदर नाही. त्यापेक्षा नदीपलीकडे पाठवावं. तिथे त्याची गरज आहे, तिथे त्याला मानाने ठेवतील.

साहेबांनी जर्सी हळूच खाली केली. डाग न शोधताच पिशवी बांधली आणि निघाले. तासिंगला वाटलं, बाण बरोबर लागला.

दुसऱ्या दिवशी साबणाचे तीन खोके आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी नवाकोरा टब. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः, हातात केकचा खोका, चेहरा पडलेला. बावीस वर्षांनी तासिंग अमिहानचे कपडे धुवायला निघालीय, असा त्यांनी अर्थ लावला होता.

"आलिंग तासिंग, आमचं काही चुकलं का?" ते म्हणाले. "सांगा तरी. कंपनीच्या मालकीणबाई विचारतायत."

तासिंगने हात पुसले. नंतर आईला सांगताना ती म्हणाली की त्या क्षणी मला कळलं, कोंबडीच्या भरवशावर राहिले तर नाताळ येईल आणि फेर्मिन खोबरं वाळवत बसेल. तिने साहेबांना खुर्ची दिली, स्वतः पाटावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा एका साहेबाशी सरळ बोलली.

"मी कुठे जात नाही, सर. चौदा नंबरला पाठवा. अमिहानला द्या आणि त्यांचा नऊ घ्या."

साहेब आधी हसले. मग म्हणाले की काताकुतानचा गुडघा गेलाय, जखमी माणूस घेऊन आम्ही काय करू?

"गुडघा शाबूत आहे. सरावाचा शर्ट पिळला तर अर्धी बादली घाम निघतो."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तासिंगला तेव्हा जाणवलं की आपण कुठे येऊन उभ्या आहोत. खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं की बाजारात ऐकलं. पण ऐकीव गोष्टीवर कोणी माणसांची अदलाबदल करत नाही.

"माझ्या कुमारेने. त्यांचे कपडे ती धुते."

"म्हणजे आमच्याकडचंही तिकडे जातं."

"बावीस वर्षांत गेलं नाही. या बुधवारी पहिल्यांदा गेलं, आणि तेही चौदा नंबर कोरडा आहे एवढंच. ते तर रेडिओही सांगतो."

साहेब उठले. केक तिथेच राहिला, पण त्यांनी निरोप घेतला नाही.

पुढच्या दोन सामन्यांच्या पिशव्या ड्रायव्हरने आणल्या आणि ड्रायव्हरनेच नेल्या. साबणाचा खोका आला नाही. गल्लीने आपापले साबण विकत आणले आणि पाद्रीबाबा लिंबाच्या वासाचे झाले. लोक म्हणू लागले, तासिंगचं काम जाणार. ती म्हणायची, जाईल तर जाईल, हातांना विश्रांती. रात्री मात्र तिच्याकडचा रेडिओ बातम्या संपल्यावरही चालू असायचा. चौदा नंबर दोन्ही वेळा कोरडाच आला.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी साहेब आले. साबणाचा खोका घेऊन. सगळ्या जर्सी एकेक करून उजेडात धरल्या, तेव्हाच तासिंग समजली. त्यांनी अमिहानच्या डॉक्टरकडून गुडघ्याची खात्री करून घेतली होती, लीगच्या आयुक्तांची सही झाली होती, उद्या सकाळी जाहीर होणार होतं. दोन अटी होत्या. हंगाम संपेपर्यंत तासिंगने आणि लुमिंगने एका कट्ट्यावर बसायचं नाही.

"ती डाव्या दाराने जाईल, मी उजव्या," तासिंग म्हणाली. "माता मेरीला दोन्हीकडून ऐकू येतं."

"आणि कल्पना माझी होती," साहेबांनी दुसरी अट सांगितली.

"दुसऱ्या कोणाची असणार, सर?"

दुसऱ्या दिवशी रेडिओने सिबुलोसाहेबांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. तासिंग टबाशी होती. अकराच्या सुमाराला फेर्मिन आला. रविवार नव्हता. तो मागच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ नळाकडे बघत राहिला. त्याला फोन येण्याआधीच न्हाव्याच्या दुकानात ऐकू आलं होतं, अर्धी दाढी झालेली असताना.

"अकरा वर्षं, नानाय," तो म्हणाला. "जुनं कपाट देतात तसं दिलं मला. समोर बोलावून सांगायचं तरी."

तासिंगने मान हलवली.

"साहेब चांगले आहेत. त्यांना हे सुचलं नसतं. कोणीतरी कान भरले. कोणी, एवढं मला कळलं पाहिजे."

तिच्या हातात सात नंबरची जर्सी होती, पिळून झालेली. ती तिने पुन्हा एकदा पिळली. कल्पना साहेबांची, असं म्हणून मोकळं होता आलं असतं, तसा शब्दही दिला होता.

"मी," ती म्हणाली.

तिने सगळं सांगितलं, कट्टा, तेविसाची शिवण, कोंबडी, टब, केक. कोंबडीच्या ठिकाणी कोणीही हसलं असतं. तो हसला नाही.

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"हो. म्हणालो असतो."

"इथे तुला सगळे मान देतात आणि बाकावर बसवतात. मला तुझा मान धुवायचा कंटाळा आलाय, फेर्मिन."

तो उठला. तासिंगला वाटलं, निघाला. दोरीपर्यंत गेला आणि वाळत घातलेल्या कपड्यांमधून पलीकडे बघत पाठमोरा उभा राहिला. ती खाली मान घालून आठ नंबर घासू लागली. एकाच जागी फार वेळ घासत होती.

"त्यांच्या तेविसाची शिवण," तो न वळता म्हणाला. "कुठल्या खांद्याची उसवते?"

"उजव्या."

"प्रत्येक वेळी?"

"चारही वेळा. लुमिंग खोटं सांगणार नाही."

त्याने उजवा खांदा किंचित मागे घेतला, मग डावा पाय पुढे टाकून पाहिला, मग उलट. कोणीतरी न दिसणारं त्याला मागून ओढत होतं आणि तो ते सोडवून बघत होता. दोनदा, तीनदा. तासिंगने नळ बंद केला.

"सराव किती वाजता असतो त्यांचा?"

"सातला. पण प्रशिक्षक म्हणे सहालाच येऊन बसतो, आणि उशीर झालेला त्याला खपत नाही."

फेर्मिनने हाताने अर्ध्या दाढीचा अंदाज घेतला.

"पुलाचं काम चाललंय," तो म्हणाला. "म्हणजे पाचला तरी निघायला हवं."