लेकीकडची शिकवणी

कचेरीतल्या बढतीच्या परीक्षेत मी दोनदा आपटलो, दोन्ही वेळा इंग्रजीत. बढती मिळाली की नागपूरला बदली, हे ठरलेलं होतं. तिथे आई एकटी होती, डोळ्यांनी अधू झालेली. आणि कलकत्त्यात तेरा वर्षं काढून मी अगदी विटून गेलो होतो.

माझं घोडं पेंड खायचं ते कॅन, मे, शुड, मस्ट या चौकडीपाशी. एकदा तर 'रजा मंजूर करावी' म्हणून साहेबांना सरळ 'यू मस्ट सँक्शन माय लीव्ह' असं लिहून दिलं. साहेबांनी तो कागद साऱ्या सेक्शनला वाचून दाखवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो!

शेवटी बायको म्हणाली, "अहो, घरात इंग्रजी शाळेत जाणारी पोरगी आहे, तिला विचारा की!" पोरगी बारा वर्षांची. जन्म इथलाच. मराठी घरापुरतं; बाकी सगळा कारभार बंगालीत.

सियालदह स्टेशनची गर्दी तुडवून डमडमला घरी पोचेपर्यंत माझ्या अंगात त्राण उरत नसे. चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच बाईसाहेब फूटपट्टी घेऊन समोर हजर.

"बाबा, झोपू नका! कॅन म्हणजे?"

"येतं. जमतं."

"मे?"

"परवानगी. नाहीतर, कदाचित."

"शुड?"

"केलेलं बरं."

"आणि मस्ट?"

"केल्यावाचून सुटका नाही."

"आता वहीत वाक्यं करा."

माझं प्रत्येक वाक्य नागपूरला जाऊन थांबायचं. आय मे गो टू नागपूर. आय शुड गो टू नागपूर. आय मस्ट गो. ती फराटा मारून खोडायची. "दुसरं करा." एकदा मी चिडलोच. "व्याकरण बरोबर आहे ना? मग तुझं काय बिघडतं गं?" तिने तेही वाक्य खोडलं. रजेचा अर्ज मात्र तिने माझ्याकडून सात वेळा लिहून घेतला.

तिसऱ्या खेपेला मी पास झालो. संध्याकाळी संदेश मिठाईचा पुडा घेऊन घरात शिरलो. बायकोने देवापुढे दिवा लावला. पोरगी खिडकीशी बसून होती.

"अगं, तुझ्यामुळे पास झालो, घे की!"

तिने हात पुढे केला नाही. "बाबा, मला ठाऊक होतं, तुम्ही पास झालात की माझी शाळा सुटणार, मैत्रिणी सुटणार. एक दिवस वाटलं, तुम्हाला सगळं चुकीचं शिकवावं."

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"तुम्ही बसल्या बसल्या झोपून गेलात. तुमचे पाय केवढे सुजले होते."

मला माझीच लाज वाटली. इतक्या संध्याकाळी समोर बसून, तुला नागपूरला यायचंय का, असं मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. पुडा तसाच हातात धरून उभा राहिलो. येता येता आईला 'आम्ही येतोय' अशी तार करून आलो होतो.