दुपारी उडणारा काटा

चुलत भावाच्या हातावर मी लोखंडी पाइप घातला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तो खाली बसला, तरी मी दुसरा तडाखा त्याच्या खांद्यावर ओढला. तिसऱ्या वेळी बायको मागून आली आणि माझ्या दंडाला कडकडून चावली. पाइप हातातून सुटला म्हणून तो वाचला.

इंदापूर तालुक्यातल्या कळंबला माझं जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचं दुकान आहे आणि माझ्याकडे हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संचाचा परवाना आहे. गच्चीवर लोखंडी खांब रोवून त्याच्या टोकावरून अँटेनाच्या दोन तारा मी दोन बाजूंना सोडल्या होत्या. त्यातली एक बांधावरच्या चिंचेला दोरीनं बांधलेली. त्या उन्हाळ्यात अँटेनाला विचित्र खोड लागली. सकाळी सगळं ठीक. दुपारी बोलायला बटण दाबलं की मीटरचा काटा उडायचा, म्हणजे सेटची ताकद बाहेर न जाता उलटी परत यायची. संध्याकाळी पुन्हा ठीक. तारा घासल्या, खालची जोडणी बदलली. खांबावर मात्र मी ऊन उतरल्यावरच चढायचो आणि तेव्हा दोष नसायचाच.

चिंचेखाली भावाची विहीर आणि मोटारीचा स्टार्टर होता. काटा उडाला की मी खिडकीतून बघायचो आणि दर वेळी तो मला तिथं दिसायचा. मारामारीच्या दोनच दिवस आधी तो म्हणाला होता, "तुझ्या तारेनं माझी मोटार बंद पडती. तोडून टाकीन एक दिवस." मग मला शंकाच राहिली नाही. तार हाच ओढत होता.

त्या दुपारी मी धावतच गेलो.

"तार का ओढतोस रं दादा?"

"कोण ओढतंय? मोटार बंद पडली म्हणून आलोय."

"खोटं बोलतोस!" आणि मी आईवरून शिवी दिली.

त्याच्या हातात गवताचा कोयता होता. त्यानं एका घावात दोरी तोडली. सुटलेली तार चाबकासारखी माझ्या गालावर बसली, तोंडात रक्त आलं. शेजारी विहिरीच्या मोटारीचा जुना लोखंडी पाइप पडला होता. पुढचं सांगितलंच.

त्याला बारामतीच्या दवाखान्यात नेलं, हाडाला स्टीलची पट्टी बसवली. मी इंदापूरच्या पोलीस ठाण्यात बसलो, जामिनावर सुटलो. घरी आल्यावर सगळ्यात आधी तुटलेली दोरी पुन्हा बांधली. ते आठवलं की अजून लाज वाटते. दुपारी बटण दाबलं. काटा उडाला. खिडकीतून पाहिलं, तर चिंचेखाली कुणीच नव्हतं.

तसाच उन्हात खांबावर चढलो. त्याआधी बायकोला बटण दाबायला मीटरसमोर बसवलं, ताकद अगदी कमी ठेवली. वर केबल जिथं तारांना जोडली होती, त्या जोडावर ओलं फडकं धरलं.

"बसला काटा!" ती ओरडली. फडकं काढलं, जोड तापला. "उडाला!"

ते तीनदा करून बघितलं. मग सेट बंद करायला लावून जोड उघडला. सोल्डरच्या डाखानं तारेला धरलंच नव्हतं, तो नुसता टेकला होता. तापला की फट पडायची. तो जोड मीच केला होता, आयुष्यभर मोटारींचे जोड करणाऱ्या माणसानं. फट पडली की लहरी केबलच्या बाहेरून फिरायच्या आणि भावाच्या मोबाईलवर चालणाऱ्या स्टार्टरला बंद पाडायच्या. म्हणूनच मी बटण दाबत राहिलो की तो दर वेळी मोटार चालू करायला चिंचेखाली यायचा. तो खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी बारामतीला गेलो. वहिनी मला बघून उठून उभी राहिली. मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हंजी मी न्हाय केलं?"

"न्हाय."

"तुझ्या हातची चूक?"

"व्हय दादा."

"जवळ ये."

वाकलो, तर त्यानं डाव्या हातानं स्टीलचा तांब्या माझ्या कपाळावर घातला. मग पुन्हा. मी हात वर केला नाही. वहिनीनं तांब्या हिसकावला. खालच्या मजल्यावर मला टाके घातले.

केस अजून चालू आहे. भावाची बोटं पूर्ण मिटत नाहीत. जोड मी नव्यानं केला, तेव्हापासून त्याची मोटार बंद पडलेली नाही. हे मला वहिनीकडून कळलं. तो माझ्याशी बोलत नाही.