तुमी तिकडं बघा

"तुमी तिकडं बघा," मामा म्हणत, आणि बैलाचा कान उलटा करून चिमटीत गोचीड धरत.

मी तिकडं बघत असे. तिकडं म्हणजे दवाखान्याच्या आवारातल्या कडुलिंबाच्या झाडाकडं. मागं डबीत बारीकसा आवाज होई. सिगारेटची जुनी पत्र्याची डबी, आत बोटभर रॉकेल. "झालं. पाप माझ्याकडं. फिरवा तोंड," असं मामा म्हणाले की मी पुन्हा वळून मलमाची बाटली पुढं करायची, असा आमचा रिवाज होता.

मी जैनाचा. पायाखाली मुंगी आली तरी माझी आई दिवसभर हळहळायची. मुक्या जनावरांचे जीव वाचवायचे म्हणून मोठ्या उमेदीनं मी इस्लामपुरात गुरांच्या दवाखान्यात कंपौंडर झालो. एक जीव वाचवायचा तर त्याच्या अंगावरचे शंभर घ्यावे लागतात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. सगळे ज्यांना मामा म्हणत ते तिथं ड्रेसर होते, जनावरांच्या जखमा धुणारे-बांधणारे. माझं तोंड उतरलेलं पाहून त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "तुमी तिकडं बघा."

तरुणपणी ते फौजेत खेचरांच्या पलटणीत होते. मोठ्या हाडाचा, वाकलेला माणूस. डोक्याला खाकी फडकं. समोर शेतकरी हात जोडून उभा असला तरी त्याच्याकडं न बघता आधी बैलाचा कान उचलायचे. "मालक काय बी सांगंल. कान खोटं बोलत न्हाई." रस्त्यानं चालतानाही हा चाळा सुटला नव्हता. बाजारात कुणाची म्हैस उभी दिसली की ओळख ना पाळख, मामांचा हात तिच्या कानाशी जायचा. दोनदा त्यांना चोर समजून धरलंही होतं.

माझा मुलगा झाला तेव्हा ते घरी आले. आधी गोठ्यात गेले, गाईचा कान पाहिला, कास पाहिली, निघाले तेवढे गोचीड मुठीत घेतले, आणि मग बाळ बघायला पडवीत आले. आईनं त्यांची मिटलेली मूठ पाहिली. "मारणार नाही ना हो त्यांना?" तिनं विचारलं.

"छ्या, आक्का! वढ्यापल्याड सोडून येतो की."

आई समाधानानं आत गेली. मामांनी माझ्याकडं पाहून डोळा बारीक केला. आई मरेपर्यंत समजत होती की ओढ्यापल्याड गोचिडांचं एक गाव वसलं आहे.

पण हा माणूस थकला होता. मी रोज बघत होतो. वीस-वीस गुरांचे गोचीड एका दिवशी निवडायचे, आणि आठ दिवसांनी तीच गुरं तितकीच भरून परत यायची. मामांच्या अंगठ्याची आणि बोटाची कातडी सोलपटून गेली होती. रॉकेलचा वास जेवणातही यायचा म्हणे. संध्याकाळी पायरीवर बसले की ते बोटं सरळ करायला बघत, आणि ती होत नसत. "कंपौंडर, मी एक काढतो तवर गवतात हजार हुत्यात," एकदा म्हणाले. "माझ्या हयातीत ह्याचा शेवट दिसंल का वो?" मीही दमलेलाच होतो.

दुसरी मोठी लढाई संपून दोनतीन वर्षं झाली असतील. हिवतापाच्या बंदोबस्ताला घरोघर पांढरं औषध फवारणारी माणसं आली. डास गेले, त्याबरोबर बाजेतले ढेकूणही गेले. लोक खुळावले. आमच्या डॉक्टरांनी त्या औषधाच्या कोरड्या पावडरीचा एक डबा गुरांसाठी मिळवला आणि दुसऱ्या दिवशी फिरतीवर शिराळ्याकडं निघून गेले. "डब्यावर लिहिलंय ते मामांना वाचून दाखवा," एवढं मला सांगून गेले.

डब्यावरची भाषा इंग्रजी. मामांना मराठीदेखील सहीपुरती येत होती. दिवसभर रांग हटली नाही. वाचायला बसलो तेव्हा ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं होतं. आम्ही दिवस बुडायच्या आत जेवतो. बुडाला की मग उपाशी. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी घाईघाईनं मराठी करून सांगत गेलो. चोळून लावावी. डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नये. वैरणीपासून लांब ठेवावी. खाली बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. मी उन्हाकडं पाहिलं आणि डबा खाली ठेवला.

"एवढंच?" मामांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो आणि सायकलवर टांग मारली.

पुढचा महिना मामांच्या आयुष्यातला सुखाचा असावा. पावडर चोळली की दुसऱ्या दिवशी गोचीड वाळून खाली पडत. मामा गावोगाव फिरून पुड्या देत होते. त्यांना जमीन नव्हती की घरात कमावता मुलगा नव्हता. पंचक्रोशीत त्यांचा शब्द चालत होता, तेवढंच काय ते त्यांचं. एकदा भरदुपारी ते बाकावर घोरताना दिसले, तर मी पेशंटाच्या मालकाला खूण करून गप्प उभं केलं.

मग बैलांचा सण, बेंदूर आला. आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जुवाखाली घासलेले बैलांचे खांदे ऊन पाण्यानं शेकून, हळद-तेलानं मळायचे. जवळच्याच वाडीत एक म्हातारी होती. मुलगा फौजेत, घरात सून आणि दोन बैल. तिनं वाटेत मामांना गाठलं.

"मामा, तुमची पावडर तेलातच कालवू का? मळायचं तर हायच. अंगभर लावते, एका दमात हुईल."

"लावा की," मामा म्हणाले.

बेंदराच्या सकाळी मामा आणि मी बोलावण्यावरून धावत गेलो. शिंगांना हिंगूळ लावलेला, बेगड चिकटवलेली, आणि बैल थरथरत होते. पायात पाय अडकत होते. तेल कातडीतून औषध आत घेऊन गेलं होतं. मामा राखेनं, साबणानं, कोमट पाण्यानं चोळून चोळून धूत राहिले. एक बैल सावरला. दुसरा दुपारी गेला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हातारी बसली होती. तिच्या लुगड्याला शिंगाचा लाल रंग लागला होता.

डॉक्टर परतले. त्यांनी डबा उचलून खालच्या दोन ओळी मराठी करून मोठ्यानं वाचल्या. तेलात किंवा तुपात कालवून लावू नये. "हे मामांना सांगितलं नव्हतं का?" त्यांनी मला विचारलं.

माझी नोकरी हंगामी होती. मूल दोन महिन्यांचं होतं. माझं तोंड उघडलं नाही.

"त्येनी सांगिटलं हुतं, साहेब," मामा म्हणाले. "माझ्याच ध्येनात ऱ्हायलं न्हाई."

मी लिंबाकडं बघत होतो. कुणी बघायला सांगितलं नव्हतं तरी.

मामांना कामावरून कमी केलं. पावडरीला लोक इतके भ्याले की डबा कपाटात पडून राहिला, आणि मामांची डबी पुन्हा खिशातून बाहेर आली. आता ते आपणहून गावोगाव जाऊन गोचीड काढू लागले. दर बेंदराच्या आदल्या दिवशी मात्र, ज्या वाड्यांत पुड्या वाटल्या होत्या तिथं कुणाकडं उरल्या असतील म्हणून, ते त्या सगळ्या वाड्यांतून पायी हिंडत. दारात उभं राहून एकच सांगत, "तेलात न्हाई बरं का." काही जण तोंडावर म्हणत, "मामा, लांबनं सांगा. बैलाला हात लावू नगा." मामा लांबूनच सांगत आणि पुढच्या दाराला जात.

मला तीन वर्षं लागली. एका संध्याकाळी त्यांच्या खोपटात गेलो. ते एका शेळीचा कान धरून बसले होते. "मामा, त्या दोन ओळी मी वाचल्याच नव्हत्या," मी म्हणालो.

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. साहेबांनी वाचल्या तवा. तुमी सांगिटलेलं मी इसरत न्हाई." ते शेळीच्या कानातून मान वर न करता बोलत होते. "दिस बुडत हुता. तुमी उपाशी हुता. मी बी दमलो हुतो, न्हाईतर आनिक येकदा इचारलं आसतं."

"मी डॉक्टरांना सांगतो."

"आन् पोरगं काय खाईल?" त्यांनी चिमटीत गोचीड धरला. "तुमी तिकडं बघा."

मी तिकडं बघितलं. लाज वाटते, पण बघितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामा गेले. मला चार दिवसांनी कळलं. तोवर माझी नोकरी कायम झाली होती.

बेंदराच्या आदल्या दिवशी दवाखान्यात ती वाडीची म्हातारी आली. सोबत तो वाचलेला बैल. "मामा न्हाई आलं औंदा," ती म्हणाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ती खाली बसली.

मी बैलाचा कान उलटला. आत मामांच्या चिमटीत असायचे तसले टपोरे गोचीड. जन्मात पहिल्यांदा मी एक चिमटीत धरला, पीळ देऊन ओढला, आणि रॉकेल भरलेल्या औषधाच्या झाकणात टाकला. तिकडं बघा म्हणायला कुणी नव्हतं.

"आजी," मी म्हणालो, "तेलाचं डब्यावर लिहिलेलं होतं. ते वाचून दाखवायचं मी टाळलं. मामांची चूक नव्हती."

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आत्ता सांगताय व्हय," ती म्हणाली.

मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली, आणि बैलाचा दुसरा कान तिनं माझ्यापुढं धरला.