हरणाऱ्याची फेरी

जूनचा शेवटचा रविवार, साल २००२. चंद्रपुरात पठाणपुरा गेटच्या आत बंडूचं घर, त्यांचा कलर टीव्ही आणि समोर मांडी घालून बसलेले आम्ही तिघं... बंडू, मी आणि किशोर. वर्ल्डकपची फायनल होती, ब्राझील विरुद्ध जर्मनी.

आमच्यात एक रिवाज होता. ज्याची टीम हरेल त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलनं किल्ल्याच्या परकोटाची फेरी मारायची. बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर, जटपुरा... चारही गेटांच्या दगडाला हात लावायचा. बाकीचे दोघं सोबत जायचे, पण फक्त चिडवायला.

हे खूळ किशोरचंच. गोंडराजाच्या कुत्र्यामागे ससा लागला, आणि ससा जिथून पळाला तिथूनच राणीनं परकोट बांधायला सांगितला, ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. किशोरच्या मात्र ती डोक्यातच बसली होती. "उलटा फिरला ना बे ससा! कुत्र्याले पळवलं त्यानं!" हे तो दर वेळी नव्यानं सांगायचा.

गोष्टीत शेवटी कुत्रा सशाला मारतोच. जिथं ससा मेला ती जागा शहराला घातक, असं जुने लोक म्हणायचे. ती जागा नेमकी कुठं, यावर हाफटाइमला आमची जुंपायची. मी जटपुऱ्याचा, म्हणून पठाणपुऱ्यावर ढकलायचो, आणि बंडू खवळायचा. "आमच्या गेटवर काऊन मरन ससा? तुमच्याइकडंच मेला असन!"

किशोरला सिकलसेल होता. रक्ताचा आजार, जन्मापासूनचा... आमच्या जिल्ह्यात फार घरांत आहे. जरा दमला की सांधे असे धरायचे की हा दणदणीत आवाजाचा माणूस उशी तोंडात धरून रडायचा. त्यामुळे तो कधी खेळला नाही. रामबागेच्या मैदानावर लाइनीवर बसून आम्हाला शिव्या घालायचा, तेवढंच. आणि त्याची टीम हरली की आम्ही म्हणायचो, "तुले माफ."

किशोर पक्का ब्राझीलवाला. पण त्या दिवशी मॅच सुरू व्हायच्या आधी म्हणाला, "मी आज जर्मनी."

"काऊन बे? ताप आला का?" बंडूनं विचारलं.

"असंच."

दुसऱ्या हाफमध्ये जर्मनीच्या गोलकीपरच्या हातून बॉल सुटला आणि ब्राझीलनं गोल मारला. आम्ही दोघं नाचलो. किशोर गालातल्या गालात हसत होता... मला वाटलं, बिचारा उसनं हसू आणतोय.

मॅच संपली. बंडू सवयीनं बोलून गेला, "जा, तुले माफ."

किशोर एकदम उसळला. "दर वेळी माफ! मी काय मेलो का बे? सकाळी येतो मी बिनबा गेटवर. तुम्ही या नाईतर नका येऊ."

आला. त्याच्या आईला वाटत होतं, गडी दूध आणायला गेलाय. बिनब्याच्या दगडावर त्यानं असा हात ठेवला, जसा कुणी बैलाच्या पाठीवर ठेवतो. पठाणपुऱ्यापर्यंत तो आमच्या पुढं होता. बंडूला चिडवायचं सुचेना, मलाही नाही.

पठाणपुरा सोडून थोडं पुढं गेलो आणि तो सायकलवरून उतरला. परकोटाला टेकून खाली बसला. गुडघे दोन्ही हातांनी दाबून धरलेले, ओठ पांढरे पडलेले... मी रिक्षा बघायला धावलो, तर ओरडला, "रिक्षा आणली तर दोस्ती खतम!"

मग श्वास लागला तरी हसला. "बंड्या, ससा इथीच मेला असन बे."

"मरू दे साल्या तुझा ससा. हे जर्मनीचं काय सुचलं तुले?"

"ब्राझीलच जिंकन, हे मले मालूम होतं... तुमच्यासंगं हारलो का तुम्ही फेरी मारता अन् मले माफ करता. म्हटलं, एकट्यानं हारून पाहू."

बंडूनं तोंड फिरवलं.

शेवटी त्याला त्याच्याच सायकलच्या सीटवर बसवलं. एका बाजूनं बंडू, एका बाजूनं मी, आमच्या सायकली तिथंच एका ओळखीच्या पानठेल्यावर टाकून. रस्त्यावरचे लोक बघत होते. अंचलेश्वरला त्यानं हात लावला. जटपुऱ्याला आम्ही त्याला उचलून धरलं, तेव्हा हात पोचला. त्या वेळी त्याचा चेहरा... काय सांगू.

त्याच्या आईनं आम्हाला असं झापलं की बस. ते दुखणं दवाखान्यात उतरलंही. पण त्या हिवाळ्यात थंडीनं छातीत कफ झाला, आणि त्यातून किशोर उठला नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं. एवढंच.

तेरवीला त्याची आई माझ्याजवळ येऊन बसली. "त्या फेरीचं सांगून सांगून त्यानं माह्यं डोकं खाल्लं रे बाबू. नर्सलेबी सांगे." मग पदर तोंडाला लावला.

परवा बंडूच्या घरी नवी मंडळी मॅच बघायला जमली होती. कुणीतरी तोच जुना विषय काढला, ससा नेमका कुठं मेला. एक जण हसत म्हणाला, "जटपुऱ्यालेच मेला असन!"

बंडूनं हातातला चहा खाली ठेवला. आयुष्यभर ज्यानं ती जागा आपल्या गेटवर येऊ दिली नाही, तो बंडू...

"नाई. आमच्याच गेटवर मेला. पठाणपुरा सोडला की थोडं पुढं. मी होतो तिथी."