हणमंतसाठी आलेले फोन

मुनिरकात आमच्या खालच्या मजल्यावर कुमुदिनीमावशी राहतात. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. नवरा गेला, मूलबाळ नाही. यूपीएससीच्या तयारीला गावाकडून आलेल्या प्रत्येक पोराला घरमालक विचारतो, दिल्लीत तुझं कोण? पोरं बिनधास्त मावशींचा नंबर देतात. द्या म्हणून मावशीच सांगतात. फुकटची हौस, दुसरं काय!

त्यातल्याच हणमंतने तो नंबर कर्ज देणाऱ्या एका ॲपलाही दिला. क्लासच्या फीसाठी पैसे घेतले, हप्ते थकले आणि मावशींना वसुलीचे फोन सुरू झाले. "माताजी, हणमंत को बुलाओ." पूजेला बसल्या की फोन, दुपारी डोळा लागला की फोन. मेल्यांनी शिव्यासुद्धा दिल्या. मी चिडून म्हटलं, "मावशी, नंबर बदलून टाका यार."

"मला करतायत तोवर त्याच्या वडिलांना करत नाहीत ना," त्या म्हणाल्या.

हणमंतचे वडील औशाला शिलाईचं दुकान चालवतात. त्यांना कळलं तर ते पोराला परत बोलावणार हे ठरलेलं, आणि परीक्षेचा त्याचा हा शेवटचा प्रयत्न. म्हणून मावशी रोज सगळं ऐकून घ्यायच्या आणि एवढंच म्हणायच्या, मालूम नहीं भैया.

एक दिवस फोनवरचा माणूस मराठीत बोलला. "काकू, नमस्कार करतो." झालं! दिल्लीत मराठी कानावर पडलं की आमच्यापैकी कुणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही. कुठले तुम्ही, मावशींनी विचारलं. लातूरचा, तो म्हणाला. मावशी खुलल्या. "अच्छा, मग आमचा हणमंत तुमच्या शेजारचाच की, औशाचा. बसस्टँडसमोर वडिलांचं शिलाईचं दुकान आहे, बघितलं असेल तुम्ही." मी समोर भाजी निवडत होते, पण हात करून गप्प बसवायलाही सवड मिळाली नाही. तब्येतीला जपा, असं गोड बोलून त्याने फोन ठेवला.

नंतर मावशींना एकही फोन आला नाही. त्या दिवसातून दहादा फोन हातात घेऊन बघायच्या.

त्याच आठवड्यात हणमंत बॅग घेऊन आला. दुकानात गिऱ्हाइकांदेखत फोन आले होते, वडिलांनी मिळेल त्या गाडीने निघ म्हणून सांगितलं होतं. "दुकानाचा पत्ता कुणी दिला तेच कळत नाही, मावशी."

"मी दिला रे," मावशी म्हणाल्या. "मराठीत बोलला म्हणून दिला."

हणमंत भांडला असता तर परवडलं असतं. दर वेळी गावी जाताना वाकून नमस्कार करणारा पोरगा, त्या दिवशी फक्त "येतो" म्हणाला आणि बॅग उचलून जिना उतरला.

मावशी गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. "चला आत," मी म्हटलं.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावर पोचला की वळून बघतो तो."