तेरा पानांतला सतीश

आधी हातातला चहा संपवा, मग सांगते. घोट तोंडात असताना ऐकलंत तर माझ्या सोफ्याचं काही खरं नाही. आणि हसू नका म्हणून सांगण्यात अर्थ नाही, हसणारच तुम्ही. पण त्या दिवशी माझं काय झालं होतं ते माझं मलाच माहीत!

मी नोएडात कपड्यांच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत क्वालिटी बघते. परदेशी जाणाऱ्या मालाची शेवटची तपासणी माझ्याकडे. शिलाई वाकडी, बटण सैल, कुठे डाग, की माल परत. वीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे आमचा नवरा जेवायला बसायच्या आधी स्वतःच कॉलर तपासून घेतो.

तर आमच्या क्षेत्रातल्या बायकांचा एक बुक क्लब आहे. महिन्यातून एका शनिवारी दुपारी पंधरा-सोळा जणी आमच्याच कंपनीच्या सॅम्पल रूममध्ये जमतात. आजूबाजूला बिनडोक्याचे पुतळे, मध्ये आम्ही, समोसे आणि साहित्य. क्लब चालवतात मीनाक्षी मॅडम, आणि त्याच आमच्या व्हाइस प्रेसिडेंट. आता आलं लक्षात, मला का धडधडत होतं?

त्यात मानेसरला कंपनीचं नवीन युनिट निघत होतं. तिथली क्वालिटी हेड कोण, ते मॅडम ठरवणार होत्या. मला ती जागा हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती. आणि नेमकं त्याच महिन्यात मॅडमनी एक जाडजूड हिंदी कादंबरी माझ्या हातात ठेवली. "वैशाली, इस बार शुरुआत तुम करोगी. सब सुनना चाहते हैं तुम्हें."

"बिल्कुल मॅडम!" मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मग शिपमेंटच्या मागे शिपमेंट आली. पुस्तक पर्समध्ये मयूर विहार ते नोएडा रोज जायचं आणि तसंच परत यायचं. शनिवार उजाडला तेव्हा मी एक ओळ वाचलेली नव्हती. पानं तीनशे वीस, आणि वेळ किती? तर मेट्रोचा प्रवास आणि कॅन्टीनमधली दहा मिनिटं.

आणि मग मला ते सुचलं. अहो, दहा हजार शर्ट आले तर आम्ही दहा हजार उघडून बघतो का? नाही! खोक्यांमधून मधले मधले पीस काढायचे, ते डोळ्यांत तेल घालून तपासायचे आणि त्यावरून अख्खा माल पास की फेल ते सांगायचं. जगभर असंच चालतं, सॅम्पलिंग म्हणतात त्याला. आणि त्यातला पहिला नियम असा, की सगळ्यात वरचा पीस कधी घ्यायचा नाही. सप्लायर चांगला माल वर मांडून ठेवतो.

म्हणून मी पहिलं पान सोडलं. मधली मधली तेरा पानं निवडली आणि प्रत्येक पान दोन दोनदा वाचलं.

तेरा पानांत मला भेटली सुधा आणि भेटला तिचा सतीश. काय माणूस हो! सुधा ऑफिसमधून आली की तिच्या पावलांची चाहूल लागून हा आधीच दारात उभा. ती रडते तेव्हा एक शब्द न बोलता शेजारी बसून राहतो. सकाळची पोळी दुधात घालून दिली तरी कुरकुर नाही. ती म्हणेल तेव्हा फिरायला तयार. मला तर भरूनच आलं. माल पास!

चार वाजता मी बोलायला उभी राहिले. "मेरे हिसाब से," मी म्हटलं, "ये एक आदर्श पति की कहानी है. सतीश जैसा पति हर औरत को मिलना चाहिए."

मग सिमरन नावाची आमची मर्चंडायझर खळखळून हसली. "वाह दीदी! क्या बात बोली!" सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मला वाटलं, जमलं की! धीर आला.

"उलटा जवाब नहीं देता," मी पुढे निघाले. "पैरों के पास बैठता है! हमारे यहाँ तो रिमोट लेकर बैठते हैं."

हशा! मॅडमसुद्धा डोळे पुसत होत्या. "और वैशाली, सुधा उसको दिन भर बाँधकर जाती है, उस पर क्या कहोगी?"

बांधून? मग म्हटलं, साहित्य आहे, लाक्षणिक असणार. "थोड़ा बंधन तो हर मर्द के लिए ज़रूरी है, मॅडम."

दोघी तिघी टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. तिथंच बसायला हवं होतं मी. पण नाही!

"और जब कमेटी की गाड़ी उसे उठाकर ले गई?" सिमरननं विचारलं.

गाडी? उचलून? हे तेरा पानांत कुठंच नव्हतं. "झूठे केस में फँसाया था बेचारे को," मी म्हटलं. "पर सुधा ने वकील अच्छा किया होगा."

हसणं थांबलं. एकदम. पुतळ्यांना डोकी असती तर तीसुद्धा माझ्याकडे वळली असती.

मॅडमनी चष्मा काढला. "वैशाली, सतीश कौन है?"

"सुधा का... पति?"

"सतीश कुत्ता है. पहले पन्ने पर लिखा है."

पहिल्या पानावर! जे मी नियमानं सोडलं होतं! आणि ती कमेटीची गाडी म्हणजे नगरपालिकेची कुत्री पकडायची गाडी! जमीन दुभंगली असती तर मी पर्ससकट आत गेले असते.

"कितने पन्ने पढ़े?" मॅडमनी विचारलं. खोटं बोलायचं मनात आलं, नाही असं नाही. मानेसर डोळ्यांसमोरून जात होतं. पण वीस वर्षांत मी रिपोर्टवर खोटा आकडा लिहिलेला नाही.

"तेरह, मॅडम. सैंपलिंग की थी."

कोणी हसलं नाही, कारण तिथल्या प्रत्येकीला ती पद्धत पाठ होती. मॅडम एवढंच म्हणाल्या, "सोमवार को केबिन में आना."

रविवार कसा गेला विचारू नका. सोमवारी केबिनमध्ये शिरले.

"मानेसर तुम्हें दे रही हूँ," मॅडम म्हणाल्या. "नंबर पूछा तो सच बताया तुमने. लेकिन पहले तीन महीने सैंपलिंग बंद. एक-एक पीस देखोगी."

मला रडूच आलं. "थँक यू मॅडम! वहाँ बनेगा क्या?"

मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कुत्तों के स्वेटर."

खरं सांगतेय! परदेशात त्यांना थंडी वाजते. आणि तिथं माझ्या पहिल्याच दिवशी मॅडमचा फोन आला, तोही स्पीकरवर, सगळ्या स्टाफसमोर.

"वैशाली, फिटिंग के लिए मॉडल भेज रही हूँ. घबराना मत, अभी कुँवारा है."