न फुंकलेल्या मेणबत्त्या

आमच्या मँचेस्टरच्या आयरिश पबमधला म्हातारा वेटर शेवटचा घास तोंडात जायच्या आत ताटली उचलतो. "झालं ना?" विचारतो, पण उत्तराला थांबत नाही. मला त्याचा रागच यायचा.

जानेवारीत आईचा सत्तरावा वाढदिवस तिथेच केला. त्याने दर दशकाची एक अशा सात पेटत्या मेणबत्त्यांचा केक आणला, पण आई त्या फुंकेना.

"अगं, वाढदिवसाला ज्योत कुणी विझवतं का?"

मी ओशाळून त्याला ते समजावलं. त्याने माझा अर्धा उरलेला, सालीसकट भाजलेला जॅकेट पोटॅटो न विचारता उचलला, सातही मेणबत्त्या त्यात खोचल्या आणि तो एका बशीत खिडकीत ठेवला.

"माझी आई नाताळात अशीच खिडकीत मेणबत्ती ठेवायची," तो म्हणाला.

आईने केकचा पहिला तुकडा त्यालाच भरवला. शेवटची ज्योत आपोआप शांत होईपर्यंत त्याने आमची एकही ताटली उचलली नाही.